इटलीतल्या ओर्व्हिएतोतलं घर: सही झाल्यावरही ६० दिवस किल्ली नाही? तातडीने मदत हवी

कडेकपारी (धागाकर्ता)
शुक्रवारी कॉम्प्रोमेस्सोवर (आपल्याकडचा साठेखत समजा) सही आहे आणि एजंट आज नवीनच सांगतोय. नोटरीसमोर शेवटचं खरेदीखत होऊन सगळे पैसे दिले तरी ६० दिवस किल्ली मिळणार नाही, कारण तेवढ्यात सरकार तेच घर स्वतः घेऊ शकतं! हे खरं आहे की मला गंडवतायत? कापारा (बयाणा) म्हणून २०,००० युरो मागितलेत.
घर जुन्या ओर्व्हिएतोत, सान जोव्हेनालेच्या चर्चजवळ. स्वयंपाकघराच्या फरशीत लाकडी झडप आहे. ती उचलली की तुफाच्या (ज्वालामुखीच्या मऊ) दगडात खोदलेल्या पायऱ्या खाली गुहेत उतरतात. गुहेच्या भिंतीत ओळीने वीतभर चौकोनी कोनाडे, पूर्वी त्यात कबुतरं पाळत. आम्हा दोघांनाही हे घर पाहताक्षणी आवडलं. हातचं जाऊ द्यायचं नाही. कृपया लवकर सांगा.

वाटसरू_७१
पासपोर्ट कुठला? राहता कुठे? कर्ज की स्वतःचे पैसे? आणि "आम्हा दोघांना" म्हणजे कोणाला? यातलं काहीच लिहिलं नाहीत तर उत्तर कसं देणार?

निळाशार
ओर्व्हिएतो कशाला? सिसिलीत १ युरोला घरं मिळतात. सालेमीने २००८ मध्ये ही कल्पना काढली, आता मुसोमेली, गांजी अशी कितीतरी गावं देतात. तिकडे बघा.

मोगरा
निळाशार, १ युरो ही फक्त किंमत झाली. ठरलेल्या मुदतीत दुरुस्ती पूर्ण करण्याची अट असते, बऱ्याच ठिकाणी अनामतही भरावी लागते. छप्पर, वायरिंग, नळ सगळं नव्याने. त्यांनी घर निवडलंय, त्यांचा प्रश्न ६० दिवसांचा आहे.

निळाशार
मी पर्याय सुचवला, जबरदस्ती नाही केली. आणि तिथे दुरुस्ती करून आनंदाने राहणारी माणसं मी प्रत्यक्ष पाहिली आहेत.

हिशेबी
भारतातून पैसे पाठवताय ना? मग एलआरएसची (परदेशी पैसे पाठवण्याच्या रिझर्व्ह बँकेच्या योजनेची) मर्यादा माणशी, आर्थिक वर्षाला २,५०,००० डॉलर. १० लाखांच्या वरच्या रकमेवर बँक २० टक्के टीसीएस (आगाऊ कर) कापेल. तो रिटर्नमध्ये वळता होतो, पण तोवर पैसा अडकतो. घर झालं की रिटर्नमधल्या शेड्यूल एफएमध्ये (परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात) दाखवायला विसरू नका, काळ्या पैशाच्या २०१५ च्या कायद्याखाली १० लाखांचा दंड बसू शकतो.

कडेकपारी
हिशेबी, मी सहा वर्षं तोरीनोत नोकरी करतोय, नोकरीचा पेर्मेस्सो (राहण्याचा परवाना) आहे, रिटर्न इथेच भरतो. माझा पैसा इथलाच. आईचा वाटा मात्र साताऱ्याहून यायचाय. घर आमच्या दोघांच्या नावावर. कर्ज नाही. पण ६० दिवसांचं कोणी सांगेल का? शुक्रवार आला.

वाटसरू_७१
हे आधी सांगायचं ना. आईचं नाव आलं की सगळा प्रश्न बदलतो.

पेरुजाची_सून
माझे सासरे जेओमेत्रा (घरं-जमिनी मोजणारे, नकाशे करणारे) होते. अशा घरांच्या कागदपत्रांत मी वीस वर्षं मदत केली आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

एजंट खोटं बोलत नाहीये, पण अर्धंच सांगतोय. इमारत जर सांस्कृतिक वारसा म्हणून अधिकृत हुकुमाने नोंदलेली असेल, तर २००४ च्या वारसा संहितेप्रमाणे (४२/२००४) खरेदीखतानंतर सोप्रिन्तेन्देन्त्साला (वारसा जपणाऱ्या सरकारी कार्यालयाला) कळवावं लागतं. ते पोचल्यापासून ६० दिवसांत मंत्रालय, प्रांत किंवा नगरपालिका खरेदीखतातल्याच किमतीला घर घेऊ शकते. तोवर व्यवहार सशर्त राहतो आणि विकणाऱ्याला ताबा द्यायला कायद्यानेच मनाई असते. सरकारच्या या आधी घेण्याच्या हक्काला प्रेलात्सिओने म्हणतात. साध्या राहत्या घरांसाठी हा हक्क क्वचितच वापरला जातो, पण कागद उशिरा किंवा अपुरा पोचला तर मुदत १८० दिवसांची होते. म्हणून तो नोतायोनेच (इथल्या नोटरीनेच) पाठवावा.

गाव जुनं म्हणून गावातलं प्रत्येक घर असं नोंदलेलं नसतं. एजंटला सांगा, "व्हिन्कोलोचा (वारसा म्हणून नोंदल्याचा) हुकूम दाखवा." हुकूम नसेल तर ६० दिवसही नाहीत. असेल तर उद्या खिडकी बदलायलाही सोप्रिन्तेन्देन्त्साची परवानगी लागेल, हेही आजच समजून घ्या.

पैशांचं म्हणाल तर नोतायोकडे "देपोझितो प्रेत्सो" मागा. पूर्ण रक्कम त्याच्या वेगळ्या खात्यात राहते. मुदत संपेपर्यंत ती विकणाऱ्याला देऊ नये, असं खतातच लिहून घ्या.

कापारा हा शब्द नीट बघा. "कापारा कॉन्फिर्मातोरिया" लिहिलं असेल तर तुम्ही मागे हटल्यास रक्कम गेली, विकणारा हटल्यास दुप्पट परत. "आकोन्तो" लिहिलं असेल तर ती नुसती आगाऊ रक्कम. शिवाय कॉम्प्रोमेस्सो नोतायोकडे करून त्याची त्रास्क्रित्सिओने (सरकारी दफ्तरात नोंद) करून घ्या, म्हणजे मधल्या काळात घर दुसऱ्याला विकलं किंवा गहाण टाकलं तरी तुमचा हक्क आधी.

आता आई. नोकरीचा पेर्मेस्सो असल्यामुळे तुला (वयाने लहान असशील म्हणून एकेरी लिहिते) परस्परतेची अट (इटालियनांना भारतात घर घेता येतं का, त्यावर भारतीयांना इथे) तपासावी लागत नाही. आईकडे इथला पेर्मेस्सो नाही, त्यामुळे त्यांच्यासाठी नोतायो फार्नेसिनाची (इटलीच्या परराष्ट्र मंत्रालयाची) माहिती तपासेल, आणि गाडं तिथेच अडू शकतं. त्यांना कोदिचे फिस्काले (इटालियन कर-क्रमांक) लागेल, मुंबईच्या इटालियन वाणिज्य दूतावासातून मिळतो. इटालियन येत नसेल तर खत दोन भाषांत करावं लागेल, नाहीतर इथल्या कोणाला मुखत्यारपत्र द्या. ते भारतात केलं तर अपोस्टील (परदेशात चालण्यासाठीचा सरकारी शिक्का) हवा.

हिशेबी
म्हणजे माझा मुद्दा आईसाठी लागू झालाच. बक्षीस म्हणून मुलाला पाठवले तरी ते एलआरएसमध्येच मोजतात.

मोगरा
हो, तुमचं बरोबर होतं. घर फक्त मुलाच्या नावावर घेतलं तर परस्परतेचा प्रश्नच उरत नाही ना?

पेरुजाची_सून
उरत नाही. पण आईचं नाव घरावर असावं असं त्याला वाटतंय, ते का हे त्यानेच ठरवावं.

देशस्थ_बोलोन्या
करांचं कोणी बोललं नाही. तोरीनोत राहता म्हणजे हे दुसरं घर, नोंदणी कर ९ टक्के. १८ महिन्यांत ओर्व्हिएतोत रहिवास हलवलात तरच "प्रीमा कासा"चा (पहिल्या घराचा) २ टक्के. हा कर किमतीवर नाही, कातास्तोच्या (सरकारी मालमत्ता-नोंदवहीच्या) मूल्यावर लावून घ्या. रेन्दिता (त्या नोंदवहीतलं घराचं मानीव उत्पन्न) ४०० युरो असेल तर गुणिले १२६ म्हणजे ५०,४००, त्याचे ९ टक्के ४,५३६. पण खतात "प्रेत्सो-व्हालोरे"ची (म्हणजे या मूल्यावर कर लावण्याची) मागणी लिहिलेली हवी.

गडवाट
अवांतर: ओर्व्हिएतो ज्या तुफाच्या कड्यावर वसलंय तो ढासळत होता म्हणून १९७८ मध्ये ओर्व्हिएतो आणि तोदीसाठी खास कायदा करून दुरुस्ती सुरू झाली. घर कड्याजवळ असेल तर तेही विचारा. आईंचे गुडघे कसे आहेत? स्टेशन खाली दरीत, वर न्यायला फ्युनिक्युलर (दोरीने ओढली जाणारी रेल्वे) आहे, पण पुढे दगडी चढ. गाडीही जुन्या भागात झेडटीएलमुळे (वाहनबंदीच्या पट्ट्यामुळे) परवान्याशिवाय नेता येत नाही.

पेरुजाची_सून
गुहेवरून आठवलं. ती तुझ्या घराच्या नकाशात आहे का? ओर्व्हिएतोच्या पोटात अशा १२०० च्या वर गुहा आहेत. स्वयंपाकघरातून पायऱ्या आहेत म्हणून खालचा भाग तुझाच, असं गृहीत धरू नकोस. प्लानिमेत्रिया (नोंदवहीतला घराचा नकाशा) आणि प्रत्यक्ष घर जुळतंय का, हे जेओमेत्राकडून तपासून घेतल्याशिवाय सही करू नकोस.

कडेकपारी
ताई, मनापासून आभार. आज एजंटकडून दोन्ही कागद मागवले. व्हिन्कोलोचा हुकूम आहे, १९८० च्या दशकातला. प्लानिमेत्रियात स्वयंपाकघर आहे, पण झडप नाही, पायऱ्या नाहीत, गुहा नाही. शुक्रवारची सही पुढे ढकलली. विकणारे चार भावंडं आहेत, एक आर्जेन्टिनात. बाबा गेल्यावर आई पहिल्यांदा इथे आली तेव्हा त्याच पायऱ्यांवर बसून बराच वेळ गप्प होती, म्हणून तिचं नाव हवंय. गुहा नंतर नकाशात चढवता येते का? आणि ते काम विकणाऱ्याने करायचं की मी?

पेरुजाची_सून
विकणाऱ्याने, आणि खरेदीखताच्या आधी. आर्जेन्टिनातल्या भावंडाचं मुखत्यारपत्र आलंय का, ते पहिलं विचार.