साउथॅम्प्टन बंदर : ‘क्वीन मेरी २’ आणि ‘आयोना’ यांची तुलना कशी करावी?

खाडीकाठ :
सध्या मी लेकीकडे इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनला आले आहे. मेफ्लॉवर पार्कमधून आधी ‘क्वीन मेरी २’ आणि दोन दिवसांनी ‘आयोना’ पाहिले. दोन्ही जहाजांची लांबी जवळजवळ सारखीच, सुमारे ३४५ मीटर आहे, तरी आयोना कितीतरी मोठे भासले. त्यांचे ग्रॉस टनेज अनुक्रमे सुमारे १,४९,००० आणि १,८४,००० असल्याचे वाचले. आयोना खरोखर इतके जड आहे का? धक्क्यावरील जहाजे पाहताना नेमके काय न्याहाळावे?

डोलकाठी :
नावात ‘टन’ असले तरी ग्रॉस टनेज हे वजन नव्हे. जहाजातील बंदिस्त जागेच्या घनफळावरून काढलेला तो आकडा आहे. आयोनासारखे सुमारे ५,२०० प्रवाशांसाठी खोल्यांचे मजल्यांवर मजले चढवले की तो वाढतो. क्वीन मेरी २ मध्ये याच्या जवळपास निम्मेच प्रवासी असतात. त्यामुळे या आकड्यावरून कोणते जहाज जड, हे ठरवता येणार नाही.

दर्यावर्दी :
वरील उत्तराशी सहमत आहे, पण खरा फरक जहाजाच्या अंगात आहे आणि तो डोळ्यांना दिसतो. २००४ साली सेवेत आलेले क्वीन मेरी २ हे उत्तर अटलांटिक नियमितपणे ओलांडण्यासाठी बांधलेले लायनर आहे. त्याची नाळ (पुढचे टोक) लांब व निमुळती आहे, पाण्याखालचा भाग सुमारे १० मीटर आहे आणि वेग सुमारे ३० नॉटपर्यंत (ताशी सागरी मैल) जातो. लाइफबोटी मुद्दाम उंच, पाण्यापासून सुमारे २५ मीटरांवर टांगल्या आहेत, कारण अटलांटिकच्या लाटा तिथवर पोहोचू नयेत. आयोनाच्या लाइफबोटी बऱ्याच खाली दिसतील. पण म्हणून आयोनाला कमी लेखू नये. सुट्टीच्या सफरींसाठी ते उत्तम बेतलेले आहे आणि द्रवरूप नैसर्गिक वायूवर चालते.

एक सावधगिरी मात्र बाळगा. साउथॅम्प्टनला उधाणाच्या दिवसांत पाणी सुमारे ४ मीटर चढते-उतरते आणि जहाज त्याबरोबर हलते, म्हणून धक्क्याच्या कडेवरून घेतलेला उंचीचा अंदाज फसतो. उंची नेहमी पाण्याच्या रेषेपासून मोजावी, आणि नाळेवर रंगवलेले डुबीचे (जहाज पाण्यात किती खोल आहे याचे) आकडे दुर्बिणीने वाचावेत.

खाडीकाठ :
मनःपूर्वक आभार. आज क्वीन मेरी २ पुन्हा आले, तेव्हा दुर्बीण घेऊन पलीकडच्या हाइथच्या काठावर गेले. लाइफबोटींची ओळ खरोखरच फार उंचावर आहे, आणि ती एकदा पाहिल्यावर नजर आपोआप तिकडेच जाते. पिछाडीवर मात्र साउथॅम्प्टनऐवजी ‘हॅमिल्टन’ लिहिलेले पाहून आश्चर्य वाटले.

डोलकाठी :
ते नोंदणीच्या बंदराचे नाव आहे. २०११ साली या जहाजाची नोंदणी बर्म्युडात हलवली, तेव्हा ते बदलले. तिथल्या कायद्यानुसार कप्तानाला भर समुद्रात विवाह लावता येतो, ब्रिटिश नोंदणीत तशी सोय नव्हती.