एकाच स्वराचा ‘रंग’ वेगळा कशामुळे लागतो?

खर्जसाधक:
बासरी, हार्मोनियम आणि व्हायोलिन. तिन्हींवर ४४० हर्ट्झचा स्वर, ट्यूनरचा काटा एकाच जागी, आवाजाचा मोठेपणाही सारखा. तरी डोळे मिटून वाद्य ओळखता येतं. हा रंग नेमका कशात असतो? तो वेगळा ऐकायचा सराव कसा करायचा? आणि ‘सा लाल, रे केशरी’ अशी कोष्टकं दिसतात, त्यांचा याच्याशी काही संबंध आहे का?

ध्वनिलहरी:
कोष्टकं बाजूला ठेवा. स्वर ऐकल्यावर काहींना खरोखर रंग दिसतात, पण एकाचे रंग दुसऱ्याशी जुळत नाहीत. इथे रंग म्हणजे ज्याला आपल्याकडे नादाची जाती म्हणतात तो गुण. जर्मनमध्येही त्याला क्लांगफार्बे, शब्दशः ध्वनिरंग, असंच म्हणतात.

मूळ स्वराबरोबर त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट कंप्रतेचे उपस्वर वाजत असतात. कोणता किती जोरात, यावर रंग ठरतो. ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये करून बघा: पाच ट्रॅकवर २२०, ४४०, ६६०, ८८० आणि ११०० हर्ट्झचे साइन टोन (उपस्वर नसलेले शुद्ध स्वर), अॅम्प्लिट्यूड अनुक्रमे ०.४, ०.२, ०.१३, ०.१, ०.०८. एकत्र वाजवले की तेजदार आवाज येतो. मग ४४० आणि ८८० म्यूट करा. स्वर तोच राहतो, आवाज मात्र पोकळ होतो, क्लॅरिनेटच्या खालच्या सप्तकाकडे झुकतो. कारण क्लॅरिनेटच्या त्या भागात सम (दुप्पट, चौपट असे) उपस्वर फार क्षीण असतात.

खर्जसाधक:
केलं. पण एकजीव स्वराऐवजी ६६० वेगळा ऐकू येतोय, आणि आवाज फाटतोय.

ध्वनिलहरी:
पाचही ट्रॅक बरोबर शून्य सेकंदाला सुरू होतात का बघा. एखादा थोडा उशिरा आला की कान त्याला वेगळा स्वर मानतो. आकडाही तपासा, ६६० च्या जागी ६८० पडला तरी तेच होतं. फाटण्याचं कारण बेरीज: सगळ्या अॅम्प्लिट्यूड मिळून १ च्या आत हव्यात. वरचे आकडे ०.९१ होतात.

मींड:
उपस्वरांवर सगळं सोपवू नका. स्वर कसा सुरू होतो आणि कसा विरतो, हाही रंगच आहे. पियानोचा एक स्वर रेकॉर्ड करून उलटा वाजवा. उपस्वर तेच असतात, पण पियानो ओळखू येत नाही. किंवा सुरुवातीचे ०.२ सेकंद कापा आणि कापल्या जागी २० मिलिसेकंदांचा फेड-इन (आवाज शून्यापासून हळूहळू वाढवणं) द्या. तो नसेल तर ‘टक्’ ऐकू येतं आणि कान त्यालाच आघात समजतो.

तुलना करताना दोन्ही तुकड्यांचा मोठेपणा आधी जुळवा. हे हमखास राहून जातं, आणि मोठा आवाज उगाच जास्त उजळ वाटतो.

कानाच्या सरावाला गळा सर्वांत उत्तम. एका श्वासात, एकाच स्वरावर ऊ–ओ–आ–ए–ई असं अगदी सावकाश सरका. स्वर हलू द्यायचा नाही. तोंडाचा आकार बदलतो तसे वेगवेगळे उपस्वर पुढे येतात, आणि काही दिवसांत ते शिट्टीसारखे सुटे ऐकू येऊ लागतात.

तारजुळणी:
तारेवर हे सगळ्यात झटकन कळतं. ६५ सेंटिमीटर तारेच्या गिटारवर मोकळी तार बरोबर मध्यावर, १२ व्या फ्रेटवर, छेडा. सम उपस्वर जवळजवळ गायब, आवाज मऊ आणि पोकळ. घोडीपासून (तार जिच्यावर टेकते ती पट्टी) १३ सेंटिमीटरवर, म्हणजे पाचव्या भागावर छेडलं तर पाचवा उपस्वर गळतो. नियम सरळ आहे: जिथे छेडाल तिथे ज्या उपस्वराचा स्थिर बिंदू (तार न हलणारी जागा) असतो, तो उठत नाही.

आता तंबोरा. तारेच्या मध्याजवळ छेडूनही त्यात भरपूर उपस्वर असतात. तंबोरा आणि वीणा हा नियम मोडतात, हे सी. व्ही. रामन यांनी १९२१ मध्ये दाखवलं. कारण घोडीचा रुंद, किंचित वळलेला माथा: तार त्याला पुन्हापुन्हा स्पर्शते आणि प्रत्येक स्पर्शात नवे उपस्वर उठतात. जवारीचा दोरा, म्हणजे घोडीवर तारेखाली सरकवलेला बारीक धागा, हा स्पर्श कुठे होईल ते ठरवतो. म्हणून आधी तार सुरात मिळवा, मग दोरा केसभर पुढेमागे सरकवा. जरा जास्त सरकला की नाद एकतर दबतो, नाहीतर नुसता खरखरतो. तार पुन्हा मिळवली तर दोराही पुन्हा बघावा लागतो.