निकस जमिनीतलं रोप नुसत्या हवेवर पोसतं का?

रानवेडा:
औद्योगिक क्रांतीआधी हवेत कार्बन डायऑक्साइड 280 पीपीएमच्या (दहा लाख भागांत 280 भाग) आसपास होता, आता तो 420 च्या वर गेलाय. 'झाडांना आयतं खाद्य मिळतंय, जंगलं आपोआप फोफावतील' असं हल्ली सारखं कानावर येतं. मला हे साफ चुकीचं वाटतं. पानात कार्बन पकडतं ते रुबिस्को हे प्रथिन, आणि प्रथिन म्हटलं की नत्र (नायट्रोजन) लागणारच. जमीन निकस असेल तर पानात साखर साठत जाते, रुबिस्को घटतं आणि प्रकाशसंश्लेषणाचा सुरुवातीचा जोर ओसरतो. उजाड माळावर रोपं लावताना 'वाढीव कार्बनचा फायदा' हिशेबात धरूच नये, असं माझं मत आहे.

मृद्गंध:
असहमत. नेमका हाच प्रश्न घेऊन 1986 साली रिचर्ड नॉर्बी आणि सहकाऱ्यांनी पांढऱ्या ओकची एक वर्षाची रोपं जंगलातून आणलेल्या निकस मातीत, बंद कक्षात लावली. काहींना 362 पीपीएमची हवा, काहींना 690 ची. 40 आठवड्यांत सगळ्याच रोपांना नत्राची तीव्र कमतरता भासू लागली, तरीही जास्त कार्बनमधल्या रोपांची वाढ 85 टक्के अधिक झाली! सगळ्यात जास्त वाढली ती मुळं. नत्र दोन्हीकडे सारखंच उचललं गेलं, पण स्फुरद (फॉस्फरस) आणि पालाश (पोटॅशियम) वाढीच्या प्रमाणात जास्त घेतलं गेलं. शिवाय एकूण पाणी जास्त लागलं नाही. निकस जमिनीत रोप मरतं ते बहुतेकदा पहिल्या कोरड्या हंगामात. तेव्हा मुळांचा पसारा मोठा असणं ही काय लहान गोष्ट आहे?

रानवेडा:
प्रयोग उत्तमच आहे, पण तो 40 आठवड्यांचा आणि बंद कक्षातला. नत्र तेवढंच आणि वाढ जास्त, म्हणजे पानापानातलं नत्र विरळ झालं. पुढे काय? टेनेसीतल्या ओक रिजला स्वीटगम नावाच्या झाडांच्या लागवडीत उघड्यावर जादा कार्बन डायऑक्साइड सोडून बघितलं. 2001 ते 2003 मध्ये उत्पादन 24 टक्के जास्त होतं, 2008 मध्ये हा फायदा 9 टक्क्यांवर आला. जमिनीतलं नत्र कमी पडत गेलं.

मृद्गंध:
आणि नॉर्थ कॅरोलायनातल्या ड्यूक विद्यापीठाच्या पाइन जंगलात असाच प्रयोग झाला, त्याचं काय? तिथली जमीनही काही सुपीक नव्हती, पण फायदा वर्षानुवर्षं टिकला. माझ्या मते फरक बुरशीत आहे. पाइन आणि ओकच्या मुळांभोवती आवरण करणारी बुरशी सेंद्रिय पदार्थांत अडकलेलं नत्र सोडवून आणू शकते, स्वीटगमच्या मुळांतली वेगळ्या जातकुळीची बुरशी ते फारसं करत नाही. म्हणून 'झाडं' असं सरसकट बोलूच नये. झाड कोणतं आणि त्याच्या मुळाशी कोण आहे, ते आधी सांगा.

पानगळ:
तुम्ही दोघंही नत्रावरच अडलात. जुन्या, झिजलेल्या मातीत खरी टंचाई स्फुरदाची असते. नत्र निदान हवेतून बांधून घेता येतं, स्फुरद खडकातूनच यावं लागतं. सिडनीजवळच्या निलगिरीच्या जंगलात जास्त कार्बन दिल्यावर झाडांनी सुमारे 12 टक्के जादा कार्बन पकडला. लाकूड मात्र वाढलं नाही. जादा कार्बनचा मोठा भाग जमिनीतल्या श्वसनातून परत हवेत गेला. मृद्गंध, निलगिरीलाही तशीच आवरण करणारी बुरशी असते. तिथे तिनं काय केलं?

मृद्गंध:
हा मुद्दा मला मानावाच लागेल. मातीत नाही ते बुरशी आणणार कुठून? पण ती जुनी, मोठी झाडं होती. रोपाची गोष्ट वेगळी: त्याला अजून सगळं नवं अंग घडवायचं असतं आणि नवी माती धुंडाळायची असते. तिथला निकाल रोपांना लावणं मला घाईचं वाटतं.

रानवेडा:
मग कुंडीतल्या रोपाचा निकाल जंगलाला लावणंही घाईचंच झालं ना? कुंडी लहान असली की मुळं कोंडतात, तेव्हा उलट फायदा कमी दिसतो. म्हणजे चूक दोन्ही बाजूंनी होऊ शकते, हे मान्य. तरी लागवड करणाऱ्याला माझं सांगणं तेच: आधी माती तपासा, स्फुरद किती आहे ते बघा, खड्ड्यात जवळच्या जुन्या झाडाखालची मूठभर माती टाका. हवेकडून जे मिळेल ते मिळेल.

पानगळ:
माती शक्यतो त्याच जातीच्या झाडाखालची घ्या, नाहीतर हवी ती बुरशी येईलच असं नाही.