मदत हवी आहे: एका एसीवर दोन एजंटांची ओढाताण, निकाल कोणी द्यायचा?

नमस्कार मंडळी,

घरी रास्पबेरी पायवर (छोटा कॉम्प्युटर) होम असिस्टंट, म्हणजे घरातली उपकरणं चालवणारं सॉफ्टवेअर आहे, आणि सोबत पायथॉनमध्ये लिहिलेले माझे दोन छोटे एजंट, म्हणजे स्वतःहून निर्णय घेणारे प्रोग्रॅम, दोघंही एमक्यूटीटीवर (उपकरणांमध्ये मेसेज पोचवायची पद्धत). एक बाबांच्या खोलीत रात्री २६ डिग्री ठेवतो, दुसरा वीज वाचवतो म्हणजे खोली रिकामी दिसली की एसी बंद. आता खोलीतल्या पीआयआर सेन्सरला (शरीराच्या उष्णतेवरून हालचाल टिपणारा) फक्त हलणारं माणूस दिसतं, बाबा गाढ झोपले की वीजवाल्याला वाटतं कोणी नाही, तो बंद करतो, खोली तापली की तापमानवाला परत चालू करतो आणि रात्रभर हेच. कॉम्प्रेसरला मध्ये तीन मिनिटांची सक्तीची विश्रांती ठेवलीय म्हणून मशीन टिकलंय, पण बाबांना दमा आहे, झोपमोड झाली की दुसरा दिवस त्यांना फार जड जातो.

सेन्सर बदला म्हणाल तर एमएमवेव्ह रडार मागवलाय, त्याला श्वासाची हालचालही कळते. पण माणूस आहे हे दोघांना पटलं तरी एक २६ मागणार आणि दुसरा वीज वाचवायला २८, आणि दोघंही आपापल्या जागी बरोबर. होम असिस्टंटमधल्या ऑटोमेशनचे सिंगल, रीस्टार्ट, क्यूड, पॅरलल हे मोड बघितले, ते एकाच ऑटोमेशनच्या स्वतःच्या रनपुरते आहेत, दोन वेगळ्यांमध्ये पडत नाहीत. १९८० चं कॉन्ट्रॅक्ट नेट (एजंटांनी बोली लावून कामं घ्यायची पद्धत) पण वाचलं, ते कामं वाटून द्यायला छान आहे, इथे बसत नाही असं माझं मत.

मला पटली ती मोठ्या बिल्डिंगांमधली एसी, दिवे वगैरे यंत्रणा चालवायला वापरतात त्या बॅकनेट प्रोटोकॉलची पद्धत. तिथे आउटपुटला प्राधान्याच्या १६ पायऱ्या असतात, १ सगळ्यात वरची, जीवसुरक्षेची, ८ वर ऑपरेटरने हाताने दिलेली कमांड. प्रत्येकाने आपल्या पायरीवर लिहायचं, चालते ती सगळ्यात वरची, आणि वरच्याने हक्क सोडला की खालची आपोआप लागू होते. कोणी कोणाचं लिहिलेलं पुसत नाही हे मला फार आवडलं. तसंच करतोय, प्रत्येक एजंटला स्वतःचा रिटेन्ड टॉपिक (जिथे शेवटचा मेसेज जपून राहतो) आणि एसीला कमांड देणारा मध्यस्थ एकच.

पण अडलोय. एजंटचं कनेक्शन तुटलं तर लास्ट विलने (कनेक्शन तुटल्यावर आपोआप जाणारा, आधीच ठरवलेला मेसेज) रिकामा रिटेन्ड मेसेज टाकून त्याची मागणी पुसता येते, पण कनेक्शन जिवंत आणि आतला लूप अडकलेला असेल तर जुनी मागणी तशीच बसून राहणार ना? प्रत्येक मागणीला मुदत घालायची तर साधारण किती ठेवता तुम्ही?

दुसरं, पायऱ्या ठरलेल्या असतात, परिस्थिती नसते. बाबांना धाप लागली असेल त्या रात्री तापमानवाला वर जायला हवा, एरवी नको. पायरी बदलायचा हक्क एजंटांनाच दिला तर दोघंही वरच जाऊन बसतील, मग हा निर्णय मध्यस्थाकडे द्यायचा का, आणि त्याला परिस्थिती कळणार कुठून?

आणि बाबा रिमोट दाबतात ते इन्फ्रारेड असल्यामुळे सिस्टीमला कळतच नाही, खरं तर त्यांचा शब्द दोन्ही एजंटांच्या वर असायला हवा. वीज मोजणाऱ्या प्लगवरून ते ओळखता येईल का? कोणी केलं असेल तर कोड अर्धवट असला तरी दाखवा प्लीज.