मदत हवी आहे: राहती बोट तळ रंगवायला वर काढायची आहे, जुना रंग कुठला ते ठाऊक नाही

नमस्कार मंडळी,

आमची ३६ फुटी फायबरग्लासची शिडाची बोट पुढच्या महिन्यात तळ रंगवायला यार्डात वर काढायची आहे. आमचं घर म्हणजे हीच बोट. नवरा, मी आणि सहा वर्षांची लेक बारा महिने हिच्यावरच राहतो. बोट १९८०च्या दशकातली. आधीच्या मालकाने तळाला कुठला रंग दिला होता याची कुठेच नोंद नाही. सध्या पाण्याच्या रेघेखाली शेवाळाची दाढी लोंबतेय आणि पंख्यावर बार्नेकल (कवचवाले समुद्री जीव) असे चिकटलेत की पूर्ण रेस दिली तरी आरपीएम चढत नाहीत. त्यामुळे आणखी पुढे ढकलणं शक्य नाही.

यार्डवाले बोट उचलून, प्रेशरने धुऊन टेकूवर उभी करून देणार. घासणं-रंगवणं आमचं आम्ही.

अडलंय ते जुन्या रंगापाशी. एक जण म्हणतो सरळ वरून नवा रंग मारा, दुसरा म्हणतो पार फायबरपर्यंत खरवडा. दोघेही ठाम! दुसरं म्हणजे, बोट जमिनीवर असताना आम्ही तिच्यावरच राहावं का? यार्डाची परवानगी आहे, पण लेकीची काळजी वाटते. आणि बोट वर असताना आणखी काय काय उरकून घ्यावं? जाणकारांनी मार्गदर्शन करावं ही विनंती.

प्रतिसाद १

ताई, दोघांचंही ऐकू नका, आधी रंगालाच विचारा. धुऊन झाल्यावर ओलं फडकं तळावर दाबून घासा. फडक्याला रंग लागला तर तो बहुधा अ‍ॅब्लेटिव्ह, म्हणजे झिजत जाणारा. नाहीच लागला तर कडक जातीचा. कडक रंग पक्का धरून असेल, तर घासून खरखरीत करा, त्यावर झिजणारा रंग चालतो. उलटं मात्र करू नका. झिजणाऱ्यावर कडक रंग चढवला की खालचा थर सुटतो आणि वरचा पापुद्र्यासारखा निघून येतो. शंका राहिलीच तर मध्ये टाय-कोट (दोन रंग जोडून धरणाऱ्या) प्रायमरचा एक हात द्या, तो त्यासाठीच असतो. खरवडणीने थाळीएवढे तुकडे निघायला लागले तर मात्र सगळा जुना रंग काढण्याला पर्याय नाही.

तुम्ही बारा महिने पाण्यात असता, पण वर्षभरात बोट किती चालते त्यावर निवड करा. चालती बोट असेल तर झिजणारा बरा, दरवर्षी थर साचत नाहीत. जास्त वेळ नांगरावरच असेल आणि तुम्ही पाण्यात उतरून तळ घासणार असाल, तर कडक. झिजणारा रंग जोरात घासला तर तुम्हीच तो काढून टाकता.

जुना रंग सुका घासू नका. त्यात तांबं असतं आणि ती धूळ विषारी. पाणी मारत पॉलिश पेपरने घासा किंवा व्हॅक्युम जोडलेलं मशीन घ्या, तोंडाला साधा कापडी मास्क नको, फिल्टरचा हवा. बोट १९८०च्या दशकातली म्हणता, तर सगळ्यात खालच्या थरात कथलाची संयुगं असलेला रंग असू शकतो. लहान बोटींवर त्याला बऱ्याच देशांत त्याच दशकात बंदी आली, पुढे २००१चा आंतरराष्ट्रीय करार २००८ला अमलात आल्यावर मोठ्या जहाजांवरही. पण जुने थर कुठे जात नाहीत. घासणीच्या दिवसांत लेक यार्डात नकोच.

प्रतिसाद २

जमिनीवर राहण्याबद्दल अनुभवाचे बोल. समुद्राच्या पाण्यावर गार होणारा फ्रीज आणि एसी बंद, कारण पाणी ओढायला पाणीच नाही. इंजिनही तसं चालवायचं नाही. सिंकचं पाणी सरळ खाली, रंगवणाऱ्याच्या डोक्यावर. संडास वापरायचा तर टाकी भरेपर्यंतच. आणि शिडी! दिवसातून वीस वेळा चढ-उतर, रात्री पावसातसुद्धा. शिडी वरच्या टोकाला बोटीला बांधा, लेकीला एकटीला चढू देऊ नका.

टेकूंना हात लावू नका. बोटीचं वजन कीलखालच्या (कील म्हणजे तळाचा खाली उतरलेला कणा) ठोकळ्यांवर असतं, टेकू फक्त तिला कलू देत नाहीत. समोरासमोरचे टेकू साखळीने जोडलेत ना, ते पहिल्याच दिवशी बघा. ताडपत्रीची दोरी टेकूला बांधणारे मी पाहिलेत, वाऱ्याने टेकू सरकला तर काय होईल याचा विचारच नाही.

उचलण्यापूर्वी यार्डाला बोटीचं पाण्याखालचं चित्र दाखवा. बोट उचलायचा पट्टा शाफ्टवर (पंखा फिरवणाऱ्या दांड्यावर) किंवा लॉगच्या (वेग मोजणाऱ्या यंत्राच्या) चाकावर आला तर मोडतोड ठरलेली. पट्टा कुठे यावा तिथे डेकच्या कडेला टेपची खूण करा.

बोट वर असताना करायचं म्हणजे: शाफ्ट हाताने वर-खाली हलवून बघा, बेअरिंगमध्ये खेळ असेल तर आत्ताच बदला. झिंक (इतर धातू वाचवायला स्वतः झिजणारा जस्ताचा तुकडा) अर्धं संपलं असेल तरी नवं लावा. सीकॉक (तळातून पाणी आत-बाहेर जाण्याचे व्हॉल्व्ह) सगळे उघडून ग्रीस करा. पितळ गुलाबी पडलेलं दिसलं तर त्यातलं जस्त गेलंय, तो सीकॉक बदलायचाच. सुकाणूही हलवून बघा.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. लेकीला घासणीच्या दिवसांत मावशीकडे ठेवतोय. आता दोनच शंका: रंग किती आणायचा? आणि टेकूखालची जागा कशी रंगवायची?

प्रतिसाद १

पाण्याच्या रेघेची लांबी गुणिले (रुंदी अधिक पाण्याखालची खोली), मग मध्यम कीलच्या बोटीला त्याचं पाऊण. समजा लांबी ९ मीटर, रुंदी ३.४, खोली १.८: साधारण ३५ चौरस मीटर. दोन हात म्हणजे ७०. लिटरला ९-१० चौरस मीटर धरा आणि रेघेलगत, कीलच्या पुढच्या कडेला, सुकाणूच्या कडेला तिसरा हात धरा, कारण तिथेच रंग आधी जातो. ८-९ लिटर लागतील. पहिला हात वेगळ्या रंगाचा दिलात तर पुढे तो दिसायला लागला की समजायचं, वेळ झाली. डबा तळापर्यंत ढवळा, तांबं खाली बसतं. झिंकवर रंग नको, आणि खोली मोजणाऱ्या सेन्सरवर फक्त सेन्सरसाठीचाच रंग.

टेकूखालची जागा यार्डवाल्यांकडून टेकू एकेक करून सरकवून घेऊन रंगवतात. कीलचा तळ राहतोच, त्यासाठी आदल्या संध्याकाळी बोट पट्ट्यांवर टांगून ठेवता येईल का विचारा. रात्रभर वाळायला मिळतं. पाण्यात सोडताना पट्टे काढायच्या आधी एकाने आत जाऊन प्रत्येक सीकॉक आणि शाफ्टची ग्लँड (शाफ्ट बाहेर पडतो तिथे पाणी अडवणारा सील) बघायची, गळती असेल तर लगेच परत वर.