गुलमर्गला स्कीइंग शिकण्यासाठी जानेवारी योग्य की फेब्रुवारी?

नमस्कार मंडळी,

आम्ही वरूड तालुक्यातील संत्रा बागायतदार आहोत. धाकटा भाऊ, पुतणी आणि मी, असे तिघे या हिवाळ्यात गुलमर्गला जाऊन स्कीइंगचे प्राथमिक शिक्षण घेण्याच्या विचारात आहोत. आजवर अनुभवलेली सर्वांत कडक थंडी चिखलदऱ्याची, त्यामुळे बर्फाची ओळख शून्य आहे.

मुख्य अडचण तारखांची आहे. आंबिया बहराची तोड डिसेंबरपर्यंत उरकते आणि फेब्रुवारीत मृग बहराचे व्यापारी बागेत येऊ लागतात, म्हणून जानेवारीच सोयीचा पडतो. काश्मिरातील चिल्लई कलान, म्हणजे २१ डिसेंबरपासूनचे कडाक्याच्या थंडीचे चाळीस दिवस, याच काळात येत असल्याने बर्फ हमखास मिळेल असे वाटते. परंतु जानेवारी २०२४ मध्ये तेथील उतार बराच काळ उघडेबोडके राहिले आणि बर्फ महिनाअखेरीस पडू लागला, हे आठवले की आगाऊ पैसे भरायला हात धजत नाही. नुसती थंडी पुरत नाही, पश्चिमी विक्षोभ, म्हणजे पश्चिमेकडून पाऊस-बर्फ घेऊन येणाऱ्या हवामान प्रणाली, यावे लागतात. (हेच विक्षोभ आमच्याकडे गारपिटीला निमित्त होतात, त्यांची आतुरतेने वाट पाहण्याची वेळ प्रथमच येत आहे.)

गोंडोलाचा (तेथील रज्जुमार्गाचा) पहिला टप्पा सुमारे २,६५० मीटर उंचीवरील गुलमर्गहून कोंगडूरी या मधल्या थांब्यापर्यंत आणि दुसरा तेथून अफरवट पर्वतावर, जवळपास ३,९५० मीटरपर्यंत जातो, असे वाचले. नवशिक्याला या वरच्या टप्प्याचा काही उपयोग आहे का, की खालच्या उतारांवरच आठवडा निघून जाईल?

कृपया जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद

दादा, वरच्या टप्प्याचा विचार यंदा सोडून द्यावा. अफरवटचा बहुतांश उतार यंत्राने दाबून सपाट केलेला नसतो. तेथे खोल, भुसभुशीत बर्फ आणि हिमस्खलनाचा धोका असतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये तेथे हिमस्खलनात एका रशियन स्कीपटूचा मृत्यू झाला होता. शिवाय जोराचा वारा किंवा मोठी बर्फवृष्टी असली की दुसरा टप्पा बंद ठेवतात. आपल्याला गुलमर्गच्या मैदानालगतचे सौम्य उतार आणि तेथील ड्रॅग लिफ्ट (स्कीवर उभ्या माणसाला उतारावरून वर ओढून नेणारी यंत्रणा) पुरेशी आहे. पायांना सवय झाली तर प्रशिक्षकाला विचारून कोंगडूरीला जावे.

तारखांबाबत म्हणाल, तर जानेवारीचा शेवटचा आठवडा धरून फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात परतावे. व्यापाऱ्यांशी बोलणी तोवर भाऊबंदांवर सोपवता येतील. केंद्रीय पर्यटन मंत्रालयाची स्कीइंग व गिर्यारोहण संस्था गुलमर्गलाच आहे, तिच्या अभ्यासक्रमांची चौकशी आधी करावी. उत्तराखंडातील औलीचा पर्याय मनात असेल तर लक्षात घ्यावे, की जानेवारी २०२३ मध्ये जोशीमठची जमीन खचल्यावर तेथून औलीला जाणारा रज्जुमार्ग बंद करावा लागला होता.

गुलमर्गच्या पायथ्याच्या टंगमर्गहून वरचे तेरा किलोमीटर ताज्या बर्फात साधी गाडी चढत नाही. चाकांना साखळ्या लावलेली गाडी तेथेच ठरवावी.