चर्चा : कॅथलिक शाळांनी आदिवासी वारसा साजरा करावा, पण तो ठरवणार कोण?

रेवदंडेकर

कोकणपट्टीवरच्या कॅथलिक शाळांनी आदिवासी वारसा जरूर साजरा करावा. मात्र काय दाखवायचं आणि काय नाही, हे कातकरी आणि ठाकर लोकांनी ठरवावं, नाच बसवणाऱ्या बाईंनी नव्हे.

मी कॅथलिक आहे आणि अशाच एका शाळेत शिकवते. ९ ऑगस्टचा जागतिक आदिवासी दिन जवळ आला की पालकांच्या ग्रुपवर निरोप जातो : मुलांना आदिवासी वेशात पाठवा. मग पानांचे घागरे, तोंडाला काळे-पांढरे पट्टे, डोक्यावर कागदी पिसं. रायगडातल्या कुठल्या वाडीवर माणसं पिसं लावून हिंडतात? शाळेच्या कंपाउंडवर वारली चित्रं आहेत. चित्रं सुंदरच आहेत, पण वारली मुख्यतः पालघर-डहाणूकडचे. आमच्या मागच्या डोंगरावर वाड्या आहेत त्या कातकऱ्यांच्या आणि ठाकरांच्या. त्यांचं शाळेत काहीच नाही.

आणि सांगण्यासारखं तर केवढं आहे! २५ सप्टेंबर १९३० ला उरण तालुक्यात, ब्रिटिशांच्या जंगल कायद्यांविरुद्धच्या चिरनेरच्या जंगल सत्याग्रहावर गोळीबार झाला. त्यातल्या हुतात्म्यांत नाग्या महादू कातकरी होता. आमच्या मुलांना दांडीचा मीठ सत्याग्रह तोंडपाठ येतो, तासाभराच्या अंतरावरचं चिरनेर माहीत नसतं. पहिल्या पावसात बाजारात शेवळं आणि काकडं घेऊन बसणाऱ्या बायांकडे जेवढं रानभाज्यांचं ज्ञान आहे तेवढं आमच्या विज्ञानाच्या पुस्तकात नाही. त्या बाईला वर्गात खुर्ची द्या, तिच्या वेळेचं मानधन द्या आणि तिला शिकवू द्या.

कॅथलिक शाळांनीच का, असं कोणी विचारेल. पोप जॉन पॉल दुसरे २९ नोव्हेंबर १९८६ ला ऑस्ट्रेलियात ॲलिस स्प्रिंग्जला तिथल्या मूळ रहिवाशांसमोर बोलले होते. तुमचा वाटा मिळाल्याशिवाय आणि बाकीच्यांनी तो आनंदाने स्वीकारल्याशिवाय इथलं चर्च ख्रिस्ताला हवं तसं होणार नाही, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. आज तिथल्या कितीतरी कॅथलिक शाळा कार्यक्रमाच्या सुरुवातीला त्या जमिनीच्या मूळ लोकांचा आदराने उल्लेख करतात. आपण निदान आपल्या डोंगरावरच्या वाड्यांची नावं तरी घेऊ.

भोगावतीकाठ

ताई, हेतू चांगला आहे, पण क्रम चुकतोय असं मला ठामपणे वाटतं.

मी पेणच्या बाजूला वाड्यांवर काम करतो. दिवाळी झाली की कुटुंबंच्या कुटुंबं वीटभट्टीवर आणि कोळसा पाडायला जातात. मुकादमाकडून पावसाळ्यातच उचल घेतलेली असते, ती फिटेपर्यंत सुटका नाही. मूलही बरोबर जातं. जूनमध्ये परत येतं तेव्हा वर्ग पुढे गेलेला असतो. स्थलांतरित मुलाला दुसऱ्या गावच्या शाळेत बसता यावं म्हणून शिक्षण हमी कार्ड आहे, पण भट्टीजवळच्या शाळेत ते मूल नेऊन बसवणारा माणूस लागतो. कातकरी ही महाराष्ट्रात कोलाम आणि माडिया गोंडांबरोबर विशेष असुरक्षित म्हणून नोंदलेली जमात आहे. त्यांच्या वारशाचा गौरव होत असताना त्यांचीच मुलं विटा वाहत असतील, तर तो गौरव कोणासाठी?

दुसरी गोष्ट कोणी बोलत नाही म्हणून मी बोलतो. शिक्षणहक्क कायद्याने खासगी शाळांना २५ टक्के जागा दुर्बल आणि वंचित मुलांना द्याव्या लागतात. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या निकालाने अल्पसंख्याक शाळा, म्हणजे तुमच्या कॅथलिक शाळाही, त्यातून वगळल्या गेल्या. कायद्याने सक्ती नाही हे मान्य. पण मग स्वतःहून किती कातकरी मुलं घेतलीत? आधी हजेरीपटावर नाव, मग भिंतीवर चित्र.

चौलकर

मी हिंदू पालक. माझी दोन्ही मुलं कॉन्व्हेंटमध्ये शिकली आणि शिस्त, इंग्रजी, शिक्षकांची तळमळ याबद्दल मला मनापासून आदर आहे. पण मिशनच्या संस्थेने आदिवासींचा वारसा "साजरा" करायला घेतला की मला काळजी वाटते.

कातकऱ्यांचा वाघदेव, त्यांचे भगत, लग्नातली गाणी, हे सगळं त्यांच्या श्रद्धेशी बांधलेलं आहे. ते काढून नुसती "संस्कृती" म्हणून रंगमंचावर आणलं की श्रद्धा गळून पडते आणि नाच उरतो. पुढच्या पिढीला वाटतं, आपलं एवढंच होतं. कॅनडात काय घडलं ते रेवदंडेकर ताईंना माहीत असेलच. चर्चने चालवलेल्या निवासी शाळांत दीड लाखाहून जास्त मूळ रहिवासी मुलं घरापासून तोडून ठेवली. त्यातल्या बऱ्याच शाळा कॅथलिक होत्या. तिथल्या सत्यशोधन आयोगाने २०१५ मध्ये त्याला सांस्कृतिक वंशसंहार म्हटलं आणि जुलै २०२२ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी तिथे जाऊन माफी मागितली. ज्या संस्थेचा इतिहास असा, तिने आदिवासी वारशाचं राखणदार होऊ नये. शाळेने गणित नीट शिकवावं. वारसा वाडीवर आहे, तिथेच राहू दे.

कोर्लईवाला

चौलकरांशी माझं अर्धं पटतं, पण कारण वेगळं आहे.

मी कोर्लईचा कॅथलिक. आमच्या गावात पोर्तुगीज आणि मराठीच्या मिलाफातून झालेली क्रिस्ती बोली आहे. बोलणारे जेमतेम हजारभर असतील. १७४० च्या सुमारास पोर्तुगीज गेले, त्यालाही पावणेतीनशेहून जास्त वर्षं झाली, पण बोली घराघरांत टिकली. आता मुलं मराठी आणि इंग्रजीकडे वळताहेत. ही बोली कोणत्या शाळेच्या वेळापत्रकात आहे? उत्तरेला वसईच्या कुपारी कॅथलिकांची सामवेदी बोली आणि बायांचं लाल लुगडं, तेही आता मुख्यतः लग्नात आणि सणाला दिसतं. कॅथलिक शाळेने आधी आपल्या दारातला वारसा वाचवावा.

शिवाय एक अडचण प्रामाणिकपणे मांडतो. वारली लग्नात भिंतीवर चौक नावाचं चित्र काढतात, त्यात मधोमध पालघट देवी असते. ते चित्र शाळेत काढलं, उद्या पूजेची थाळीही आली, तर आमच्या घरात प्रश्न उभा राहतो. दुसऱ्याच्या देवाचा मला अनादर नाही, पण माझ्या मुलाच्या श्रद्धेत गोंधळ नको.

रेवदंडेकर

कोर्लईवाला, क्रिस्तीबद्दल शंभर टक्के बरोबर आणि ते माझ्या मूळ मुद्द्यात यायला हवं होतं. वाडीवरच्या म्हातारीइतकाच कोर्लईच्या म्हातारीचा वर्गातल्या खुर्चीवर हक्क आहे.

श्रद्धेचं म्हणाल, तर २८ ऑक्टोबर १९६५ ला दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने इतर धर्मांविषयीच्या आपल्या जाहीरनाम्यात सांगितलं, की त्या धर्मांत जे सत्य आणि पवित्र आहे ते चर्च नाकारत नाही. चौक काय आहे हे समजून घेणं वेगळं, त्याची पूजा मांडणं वेगळं. सवाष्णी तांदळाच्या पिठाने भिंतीवर तो काढतात आणि लग्न लावणारी धवलेरी गाते, हे वर्गात सांगितल्याने माझ्या मुलांची प्रार्थना कुठेही कमी होणार नाही. उलट चित्र सांगायचं आणि त्यातली देवी लपवायची, हे मला खोटं वाटतं. चौलकर म्हणतात ती श्रद्धा गळून पडते ती इथेच.

कॅनडाचं उदाहरण मी टाळणार नाही. त्या शाळांनी मुलांना घरच्या भाषेसाठी शिक्षा केली. पण त्यावरून आपण गप्प बसावं असं निघत नाही. उलट काय करायचं ते निघतं : मुलाची भाषा आणि मुलाची माणसं शाळेत आत आणा.

कुडाळकर

आमच्या सिंधुदुर्गातलं एक सांगतो. कुडाळजवळ पिंगुळीला ठाकर समाजाची चित्रकथी आणि कळसूत्री बाहुल्यांची परंपरा आहे. परशुराम गंगावणे यांना त्यासाठी २०२१ मध्ये पद्मश्री जाहीर झाली. पोथीतलं एकेक चित्र समोर धरून रामायण-महाभारतातली कथा गाऊन सांगायची, ही शिकवायची पद्धतच आहे. कोणत्याही शाळेला भाषेच्या तासाला उपयोगी पडेल. पण कलाकाराला अर्ध्या तासाचा कार्यक्रम आणि शाल-नारळ देऊन काही साधत नाही. सत्रभर दर आठवड्याला बोलवा, शिक्षकासारखं मानधन द्या. कार्यक्रमाने टाळ्या मिळतील, शिकणं होणार नाही.

वाडीवरचा

मी कातकरी. सिस्टरांच्या वसतिगृहात राहून शिकलो. दोन वेळचं जेवण, वह्या, तापात रात्रभर उशाशी बसलेल्या सिस्टर, हे मी विसरणार नाही. आणि जेवताना आमच्या भाषेत बोललो की "नीट बोल" म्हणून गप्प केलं जायचं, तेही विसरणार नाही. दोन्ही एकाच घरात घडलं.

भोगावतीकाठ दादा, तुमचं काम मला माहीत आहे, त्याला मान आहे. पण क्रमाचं तुमचं गणित मला पटत नाही. मुलं फक्त भट्टीमुळे गळत नाहीत. माझ्याबरोबरची दोन मुलं घरी दुष्काळ नव्हता तरी शाळा सोडून गेली. वर्गात काही हरवलं की सगळे आमच्या दप्तराकडे बघायचे. नाग्या कातकरीचं नाव मला कॉलेजात गेल्यावर कळलं. सहावीत कळलं असतं तर मी मान वर करून बसलो असतो. हजेरी आणि मान ही दोन कामं एकाच वेळी करावी लागतात. आधी हे, मग ते, असं म्हणत आमच्या दोन पिढ्या गेल्या.

चौलकर काका, वारसा वाडीवरच राहू दे म्हणता. पण वाडीवर तो टिकायला जंगल लागतं. खैराचा कात पाडणं, कंद काढणं, मध, खेकडे, सगळं जंगलावर चालायचं. जंगल वनखात्याकडे गेलं, उरलं त्यावर फार्महाऊस झाली. वाडीखालची जमीनसुद्धा पुष्कळ ठिकाणी आमच्या नावावर नाही. मग वारसा राहणार कुठे? आणि आमचं राखणदार चर्चने होऊ नये, तसं इतर कोणीही होऊ नये.

ताई, काही गोष्टी शाळेत आणू नका. भगताचं औषध स्टेजवर सांगायचं नसतं. वसतिगृहातल्या मुलांना पाहुण्यांसमोर नाचवू नका. नाचायचं तर सगळा वर्ग नाचू दे, आमची पोरं शिकवतील.

भोगावतीकाठ

तुझं म्हणणं मी ऐकलं. तरी प्रवेशाचा मुद्दा मी सोडणार नाही. दहा वाड्यांच्या मधोमध उभ्या शाळेत एकही कातकरी मूल नसेल, तर नाग्याचा धडा तिथे कोण कोणाला शिकवणार?

वाडीवरचा

ते सोडू नकाच. दोन्ही एकाच अर्जात लिहू : दर वर्गात वाडीवरच्या मुलांना जागा, त्यांची फी संस्थेने भरायची, आणि वर्षभर आमच्यातला एक माणूस मानधनावर.

तारखेचंही सांगतो. ९ ऑगस्टला शाळांत क्रांती दिन असतो आणि आमची माणसं शेतावर मजुरीला असतात. १५ नोव्हेंबरला, बिरसा मुंडा जयंतीला, सरकारी कार्यक्रम असतो, पण दिवाळी उरकून अर्धी वाडी भट्टीवर गेलेली असते. २५ सप्टेंबरला पाऊस ओसरत आलेला असतो आणि सगळे घरी असतात. शाळेची बस चिरनेरला न्या, त्या बसमध्ये वाडीवरची म्हातारी माणसं पुढच्या सीटवर बसवा. या वर्षी कोणती शाळा तयार आहे ते इथेच लिहा, वाडीवर निरोप द्यायचं काम माझं.